जादाची पट्टी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता मात्र मी घेते, आणि कधीपासून घेते तेही पुढे येईलच. 'आमचे हे' म्हटलं की जीभ आपोआप नरम होते, आणि या माणसाबद्दल मला नरम बोलायचं नाही. तर रंगनाथ. राहणार शनिवार पेठ, पहिला मजला, धंदा गिटारी बनवण्याचा. या माणसाने जन्मात कुठलीही गोष्ट जेवढ्यास तेवढी केलेली नाही.

आमच्या पलंगाला सहा पाय आहेत. अख्खं जग चार पायांवर झोपतं, पण रंगनाथला तो धोका वाटला. मधल्या त्या दोन पायांवर माझी करंगळी लग्नापासून ठेचकाळते आहे. दाराला तीन कड्या आहेत. दूधवाला आला की तिन्ही काढेपर्यंत तो बिचारा खालच्या मजल्याचं दूध घालून परत वर येतो. भिंतीतल्या फळीला खालून इतके टेकू आहेत की फळीवर डबे किती ठेवायचे यापेक्षा फळीखाली डोकं कुठून घालायचं हा प्रश्न असतो. पाहुणे म्हणतात, काय भक्कम काम आहे हो! पाहुण्यांचं काय जातं म्हणायला? ते चहा पिऊन आपापल्या चार पायांच्या पलंगाकडे जातात.

तो मूळचा पॅटर्न मेकर. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. चिंचवडच्या एका कारखान्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं घातली. मग देश खुला झाला, बाहेरच्या कंपन्या आल्या, संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि सत्त्याण्णव साली त्यांचा विभागच बंद केला. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात त्याला. त्यातली इच्छा नेमकी कुणाची होती ते विचारायचं नसतं. एकोणपन्नासाव्या वर्षी हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन तो जिना चढून वर आला, पेटी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "चहा टाकतेस का?" मी शाळेत मास्तरीण होते म्हणून चूल पेटत राहिली. त्या कारखान्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

गिटार घरात आली ती बोळातल्या एका पोराची, दुरुस्तीला. रंगनाथने तिचं मागचं पान, म्हणजे पाठीची पातळ फळी, उघडलं आणि दिवसभर आत बघत बसला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण गिटारीच्या आत काय असतं हे मी आता झोपेतही सांगेन. वरचं पान असतं जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं. तारांचा ताण मात्र एवढा, की समजा एक धडधाकट पुरुष त्या पानाला लोंबकळतोय. म्हणून पानाला आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. दोन मोठ्या, एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या, आणि बाकीच्या बारक्या. या पट्ट्यांनी पानाला धरून ठेवायचं, पण आवळायचं नाही. पान हललं नाही तर आवाज निघत नाही आणि फार हललं तर ते फाटतं. सगळी कारागिरी त्या दोहोंच्या मधे.

पट्ट्या चिकटवायची त्याची रीतही बघण्यासारखी. बुरुड आळीतून बांबूच्या लांब कामट्या आणायच्या. टेबलावर पान पालथं ठेवायचं, त्यावर सरस लावलेली पट्टी, आणि पट्टीपासून वर माळ्याच्या तळापर्यंत कामटी वाकवून अडकवायची. कामटी सरळ व्हायला बघते आणि पट्टीला खाली दाबून धरते. एका पानावर अशा पंचवीसएक कामट्या. नवा माणूस घरात आला की त्याला वाटायचं, माळा खचलाय आणि आम्ही टेकू दिलेत. दिवसभर कामट्या काढायच्या नाहीत, आणि माझी पोळ्यांची परात माळ्यावर. असो.

पहिली गिटार त्याने नाजूक केली होती. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या, महिपतीच्या, मुलासाठी. कॉलेजच्या गॅदरिंगला तो मुलगा ती वाजवायला बसला. आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत होतो, रंगनाथ इस्त्रीचा शर्ट घालून. गाणं रंगात आलं आणि तारा जिथे अडकवतात तो तुकडा पानाच्या फाळक्यासकट उपटून वर आला. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच. पण रंगनाथचा चेहरा मी बाजूने पाहिला. त्या दिवसापासून त्याच्या पट्ट्या जाड झाल्या.

मग पुढची नऊ वर्षं त्याची एकही गिटार मोडली नाही. वाजलीही नाही. हिंजवडीला कंपन्या झाल्या, बाणेर-औंधला फ्लॅट झाले, आणि फ्लॅटच्या भिंतीवर टांगायला पोरांना गिटार लागायला लागली. आपल्या पेठेतल्या माणसाने हाताने केलेली म्हटल्यावर ती घ्यायचीही. एकजण कुठल्याशा ट्रेकला स्वतःच्या गिटारीवर बसला आणि तिला काही झालं नाही, ही गोष्ट रंगनाथ येईल त्याला सांगायचा. गिटारीवर बसता येतं हे गिटारीचं कौतुक असू शकतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

आता सलोनी. आमची एकुलती एक मुलगी. तिलाही त्याने पट्ट्या लावल्याच. तिच्या दुचाकीला पुढून, मागून आणि बाजूने लोखंडी गज जोडून आणले. गाडी इतकी जड झाली की स्टँडवर लावायला तिला कुणालातरी हाक मारावी लागायची. ती हिंजवडीला नोकरीला लागली, कंपनीची गाडी न्यायला यायची, तर हा पहिले काही महिने स्कूटरवरून त्या गाडीच्या मागे थेट औंधपर्यंत जायचा. ड्रायव्हरने एकदा गाडी थांबवून विचारलं, "काका, काही प्रॉब्लेम आहे का?" सलोनीने खाली मान घातली. हे सगळं तिच्या भल्यासाठी. 'भल्यासाठी' हा शब्द आमच्या घरातून हद्दपार करायला हवा होता, तो मी केला नाही, कारण भांडणाला रोज कुणाला वेळ असतो?

सलोनी गिटार वाजवायची, चांगली वाजवायची, पण कॉलेजात एका होस्टेलच्या मुलीकडून घेतलेल्या जुन्या गिटारीवर. बापाची तिने कधी वाजवली नाही. एकदा त्याने विचारलं, "माझी का नाही गं घेत?"

"बाबा, ती वाजत नाही."

"मोडत तर नाही."

"वाजवतच नाही कोणी, तर मोडेल कशी?"

तो उठून टेबलापाशी गेला आणि उगाचच रंधा मारत बसला.

दोन हजार पाच साली कंपनीने तिला चार महिने अमेरिकेला पाठवलं. बरोबरच्या मुली परतल्या त्या सेंटच्या बाटल्या आणि चॉकलेटं घेऊन. हिने बॅगेतून दोन फळ्या काढल्या. स्प्रूसच्या. गिटारीच्या वरच्या पानासाठी जगात सगळ्यात चांगलं मानतात ते लाकूड. रंगनाथने फळी कानाशी नेली, बोटाने टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"आपण एक करू, बाबा," सलोनी म्हणाली. "सगळं तुम्ही शिकवा. पण आतल्या पट्ट्यांचं काम माझं. तिथे तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं."

"नक्की?"

"म्हटलं ना, बरं. पण जरा जाड ठेव."

"बाबा."

"बरं, बरं. नाही लावत हात."

मी तिथेच भाजी निवडत होते. मी साक्षीला आहे.

ते चार-सहा महिने फार चांगले गेले, हेही मी सांगितलं पाहिजे, नाहीतर रागाच्या भरात अन्याय होईल. शनिवार-रविवार दोघं टेबलाशी. सलोनीने रंधा धरायला शिकून घेतलं, पटाशीला धार लावायला शिकून घेतलं. कामट्या दोघांनी मिळून वाकवल्या. सरस वाळला आणि तिने पट्ट्या घडवायला घेतल्या, मधे उंच, टोकाकडे निमुळत्या. अंगठ्याएवढा पितळी रंधा असतो, त्याने थोडंसं काढायचं, पान दोन बोटांत लटकवायचं, पेराने ठोकायचं आणि ऐकायचं. परत थोडं काढायचं. रंगनाथ स्टुलावर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. खरोखर दाबून, कारण नाहीतर ते पुढे जायचे.

"पुरे आता."

"अजून थोडं, बाबा."

"अगं, कागद करतेस का त्याचा?"

शेवटच्या दिवशी तिने पान ठोकलं आणि मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आले. एवढंच सांगते. लाकडातून तसा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. सलोनी हसत होती. रंगनाथच्या चेहऱ्यावर मात्र मला ते दुसऱ्या रांगेतलं तोंड दिसलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं म्हणाल, तर नाही, मला कळलं नाही. नवऱ्याने शब्द दिला होता आणि मी त्यावर विश्वास ठेवला. त्यात माझी काही चूक नाही.

राहिलं होतं मागचं पान चिकटवून गिटारीची पेटी बंद करणं. नेमकं तेव्हा सलोनीच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं, शनिवार-रविवारसुद्धा तिकडेच. रंगनाथ म्हणाला, "बंद मी करून ठेवतो. नुसतं चिकटवायचं तर आहे. उगाच धूळ जाते आत."

"चालेल, बाबा. थँक्स," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

पुढे दांडा बसला, पॉलिश झालं, ते वाळलं. गणपती येऊन गेले. एका रविवारी सकाळी तारा चढल्या. पुढच्या रविवारी तिचा कार्यक्रम होता, आमच्याच पेठेतल्या एका छोट्या सभागृहात, तिचा एकटीचा पहिला. तिथे हीच गिटार वाजवायची असं तिने ठरवलेलं. तिने स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली वस्तू. दिवसभर संगणकावर जे करते ते कुठे जातं हे मलाही दिसत नाही आणि तिलाही. हे दिसत होतं.

ती सतरंजीवर बसली, तारा जुळवल्या आणि वाजवलं. आवाज आला तो पाटावर उलथनं आपटल्यासारखा. तिला वाटलं, नवीन आहे, आवाज उघडायला वेळ लागेल. पुन्हा जुळवलं. पुन्हा वाजवलं. पानावर कान टेकला, पेराने ठोकलं. मग तिने तारा सैल केल्या, त्यांच्यामधून बोटं सरकवून गोल भोकातून हात मनगटापर्यंत आत घातला आणि चाचपडत राहिली. मी तिच्याकडे बघत होते. तिचा हात थांबला.

"बाबा, ही पट्टी कुणाची?"

"कुठली?"

"मी लावली नव्हती ती."

रंगनाथने चष्मा काढून पुसला. "एवढीशी तर आहे. आधाराला."

"पेटी बंद करताना लावलीत?"

"अगं, पट्ट्या फार बारीक केल्या होत्यास तू. पान फाटलं असतं."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

मी पुष्कळ निर्लज्ज वाक्यं ऐकली आहेत. शाळेत सव्वीस वर्षं काढली, संस्थेच्या बैठकांना बसले, त्यामुळे या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. पण इतकं निर्लज्ज वाक्य इतक्या निरागस तोंडाने कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही!

सलोनी ओरडली नाही. ती म्हणाली, "काढा ती."

"आता नाही काढता येत. मागचं पान उघडावं लागेल, ते फुटेल."

"मग मी काढते. वरून." तिने टेबलावरून तो पितळी रंधा आणि छोटी पटाशी उचलली आणि तारा पूर्ण काढायला सुरुवात केली.

रंगनाथ मधे आला. त्याने गिटारीवर हात ठेवला. "सलोनी, ऐक. ते फाटेल. रविवारी स्टेजवर फाटेल. लोक हसतील."

"मला हसतील ना? हसू देत."

"तुला माहीत नाही लोक कसे हसतात ते."

"तुम्हाला माहीत आहे ना, बाबा? मग ते तुमच्याजवळ ठेवा. माझ्या गिटारीत का चिकटवता?"

त्याने हात काढला नाही. सहा पायांचा पलंग, तीन कड्या, मोटारीमागे जाणारी स्कूटर, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "रंगनाथ, बाजूला हो."

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली, तीही एकेरी. दोघं माझ्याकडे बघायला लागले. खालच्या मजल्यावरचा रेडिओसुद्धा मला वाटतं कुणीतरी बारीक केला.

"अगं मंदा..."

"मंदा-बिंदा काही नाही. शब्द दिला होतास. मी भाजी निवडत होते तिथे. पोरीने अमेरिकेहून लाकूड आणलं, सहा महिन्यांचे शनिवार-रविवार घातले, आणि तू तिच्या माघारी आत पट्टी चिकटवून वर झाकण लावलंस. ही काळजी नव्हे. ही चोरी आहे. हो बाजूला."

तो बाजूला झाला. मी कपाटातून बॅटरी आणली आणि सलोनीच्या शेजारी बसले. तिने गिटार जाड चादरीवर ठेवली, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. मी भोकातून उजेड धरला. आतून खर्र खर्र आवाज येत राहिला. मधूनमधून ती हात बाहेर काढायची, मुठीतला भुसा चादरीवर टाकायची आणि परत आत घालायची. तिचं कोपर लाल झालं. रंगनाथ भिंतीला टेकून उभा होता. दर खर्रला त्याचे खांदे उडत होते. उडू देत, मी मनात म्हटलं.

बऱ्याच वेळाने ती थांबली. "गेली," म्हणाली. बोट फिरवून खात्री केली आणि पान ठोकलं. आवाज सुधारला होता, पण मागे मला पिठाच्या हातांनी बाहेर आणणारा तो नव्हता. एका बाजूला बरा, दुसऱ्या बाजूला बसलेला. सलोनीच्या कपाळाला आठी पडली. तिने परत ठोकलं. "मीच जास्त काढलं की काय कुठे?" ती पुटपुटली.

रंगनाथ भिंतीपासून पुढे येऊन गिटारीवर वाकला. मग घसा खाकरून म्हणाला, "दुसरी पण काढ."

"दुसरी?"

"त्या बाजूला आहे. फुलीच्या पलीकडे, कडेजवळ. एकीकडचीच काढलीस तर पानाला पीळ पडेल."

बॅटरी चांगली जड होती आणि त्याचं डोकं माझ्या हाताच्या टप्प्यात होतं. दोन! एक लावून हा माणूस थांबला नव्हता. एकीत तरी भीती म्हणून समजून घेता आलं असतं. दुसरी लावताना त्याने माप घेतलं असेल, दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून. मी तोंड उघडलं, पण सलोनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं," ती म्हणाली. "मी माझंच चुकलं समजले असते."

"हो ना," रंगनाथ म्हणाला. "म्हणून सांगितलं."

"तुम्ही काढा ती."

तो सतरंजीवर बसला. हात भोकात घातला तो पेरांपाशीच अडकला. कारखान्यात लाकूड रंधून रंधून रुंद झालेला पंजा. त्याने पिळून बघितला, कातडं सोललं, तरी जाईना. मला त्याची दया आली नाही, हे मी स्पष्ट सांगते. त्याने हात काढून घेतला आणि पटाशी तिच्या हातात दिली.

"कोपर खाली घे," तो म्हणाला. "अजून. आता बोट डावीकडे. लागली? तिथून बाहेरच्या कडेकडे जा, आत येऊ नकोस. लाकडाच्या रेषा तिकडे जातात. दाबू नकोस. पटाशीला जाऊ दे तिची तिची."

एखादी गोष्ट काढायची कशी, हे तो कुणाला तरी शिकवत होता. मी बॅटरी धरून ऐकत होते आणि माझा राग काही कमी होत नव्हता, कारण हेच आधी केलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुपारचं जेवण राहिलं. तारा परत चढल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. सलोनीने एकदाच सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि फळीवरच्या माझ्या ताटल्या किणकिणल्या. इतके टेकू असलेली ती फळी! तिने पुढे वाजवलं नाही. तो सूर आपोआप विरू दिला.

मग रंगनाथने खिशातून पोलादी पट्टी काढली, पानावर आडवी ठेवली आणि खाली वाकून फटीतून बघितलं.

"वर उचललंय."

"उचलणारच, बाबा. ताण आहे."

"रविवारी फाटलं तर?"

"तर फाटेल."

पोलादी पट्टी त्याने परत खिशात ठेवली.

"बरं," तो म्हणाला.

या माणसाच्या प्रत्येक 'बरं'मागून 'पण' येतो. मी त्याची वाट बघत बसले. भर दुपारी हातातली बॅटरी चालूच होती. 'पण' आला नाही.